पंखा बंद करून वाचणाऱ्या बाईंना

बाई, सादर नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहा टाकायला उठता.

फाउंड्रीत माझे डोळे गेले त्याला नऊ वर्षं झाली. साच्यात ओल राहिली होती. चौदाशे अंशांचा रस ओलीवर पडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि लोखंड उसळून तोंडावर येतं. एवढं मी कुणालाही सांगतो, शिरोलीत भट्टीवर काम केलेल्या प्रत्येकाला ते ठाऊकच असतं. त्याच्या पुढचं मात्र घरातसुद्धा कधी बोललो नव्हतो.

ते पुस्तक आधी मी फोनच्या यांत्रिक आवाजात लावलं होतं. आगीत भाजलेल्या बाईची आत्मकथा, आणि मशीन ‘माझी कातडी’ नि ‘पान बेचाळीस’ एकाच सुरात म्हणतंय! दोन दिवसांत सोडून दिलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, “मी वाचून देते की.” पण मग तुम्हाला कायद्याची धास्ती. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं आम्हा अंधांसाठी अशी प्रत करायला मुभा दिलीय, आणि याच कामासाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश, २०१४ साली, हे सांगितलं तर म्हणालात, “मग नीटच वाचायला पाहिजे.” रिटायर झाल्या तरी मास्तरीणबाईच!

एप्रिलच्या दुपारी, आवाज नको म्हणून पंखा बंद करून, रेकॉर्डिंगच्या एकवीस फायली. मधेच दूधवाल्याची हाक, तुमचं “आले रे”, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून.

पण खरे आभार अकराव्या फायलीचे. सुरुवातीलाच तुम्ही स्वतःच्या शब्दांत सांगितलंत, “आता वाईट आहे हं. नको वाटलं तर बंद कर. सहा मिनिटांनी संपतंय.” मी तीनदा बंद केलं. चौथ्यांदा ऐकलं. जखमेला चिकटलेली पट्टी काढायचा प्रसंग, आणि तिथं तुमचा आवाज फाटला. मग पाणी प्यालात, पेला ओट्यावर ठेवलात. ते तुम्ही पुसलं नाहीत, परत वाचलं नाहीत. पट्टी निघताना मी ओरडायचो तेव्हा वॉर्डात एक जण म्हणाला होता, “गडी माणूस असून?” ते मी नऊ वर्षं खरं धरून बसलो होतो. तुम्हाला नुसतं वाचताना एवढं होतंय, तर.

त्या रात्री बायकोला पहिल्यांदा बोललो. सगळं नाही. शेवटचं जे दिसलं ते उजेडाचं होतं आणि ते देखणं होतं, एवढंच. ती गप्प राहिली, मग माझ्या पायांवर पांघरूण ओढलं.

बरा झालो असं नाही. पहिल्या पावसात ओल्या मातीचा वास लोकांना आवडतो, मला साच्यातली वाळू आठवते आणि दारं लावून घ्यावीशी वाटतात. डॉक्टरांकडे जातोय, तुम्ही दटावलंत म्हणून.

काल मीही फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. एकोणीस सेकंदांचं झालंय. बोललो काहीच नाही, आणि पंखा बंद करायचाही राहिला. तेवढंच पाठवतोय.

तुमचा,
खालच्या गल्लीतला विद्यार्थी