लोहचुंबक न चिकटणारी गाडी

सेंट लुइस, मिसुरी
१२ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. आज पत्र लिहायला बसलो ते एका गाडीपायी. ती बघताना तुमची इतकी आठवण आली की फोनवर सांगून भागलं नसतं.

शेजारच्या आजोबांनी त्यांची शेव्हरोले कॉर्व्हेट विकायला काढली आहे. १९६६ ची, निळी, दोन सीटची. कापडी हूड मागच्या झाकणाखाली घडी होऊन दिसेनासं होतं. पुढचे दिवे मोटरवर फिरून बाहेर येतात. डिकीला बाहेरून झाकणच नाही, सामान सीटमागून आत सरकवायचं. ही गाडी जन्मली याच गावात. १९५४ पासून १९८१ पर्यंत कॉर्व्हेट सेंट लुइसच्या कारखान्यात बनायची.

सेकंडहँड फिएट बघायला गेलो की तुम्ही कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक मडगार्डवरून फिरवायचा. जिथे ते सुटेल तिथे पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली! इथे ते कुठेच चिकटणार नाही, बाबा. बॉडीला पत्राच नाही, सगळं फायबरग्लास. मला वाटलं, मग गंजाची भीतीच मिटली. आजोबांनी मला डॅशबोर्डखाली डोकं घालायला लावलं. पुढच्या काचेभोवती आणि दारांभोवती, फायबरच्या आत, पोलादी सांगाडा असतो. काचेच्या कडेनं पाणी झिरपतं, तो आतल्या आत कुजत जातो आणि वर रंग चकचकीतच राहतो. त्यांनी बॉडी चासीवरून उचलून कुजलेला भाग कापला, नवा वेल्ड केला. दर शनिवार-रविवार, अकरा वर्षं.

खालून बघितलं तर तुम्ही तासभर उठला नसता. मागचा स्प्रिंगचा पाटा आपल्या जीपसारखा दोन बाजूंना नाही. नऊ पानांचा एकच पाटा डिफरन्शियलखाली आडवा बसवलाय आणि दोन्ही चाकं आपापली खालीवर होतात. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. ब्रेक ऑइलमधल्या ओलाव्यानं कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला आवळणाऱ्या भागाच्या, बिडाला खड्डे पडून ऑइल गळायचं, म्हणून आजोबांनी आत स्टेनलेस स्टीलचे स्लीव्ह बसवून घेतले.

इंजिन ३२७ क्युबिक इंचाचं व्ही-८, ३०० हॉर्सपॉवरचं. गाडीचा चासी नंबर १९४६७ नं सुरू होतो, म्हणजे उघड्या टपाची. पुढचा ६ हा आकडा १९६६ सालाचा आणि एस हे अक्षर सेंट लुइसचं. शेवटचे आकडे इंजिनावरही ठोकलेले असतात. ते जुळले तर इंजिन मूळचं, आणि किमतीत मोठा फरक पडतो. मी बॅटरीचा उजेड धरला, आजोबांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला. जुळले.

पण तुम्हाला सांगायचं होतं ते पुढचंच. जाहिरात लिहायला त्यांनी मला बसवलं आणि पहिलंच वाक्य सांगितलं: पुढचा उजवा कोपरा एकदा ठोकलेला आहे, तिथलं फायबर नवं आहे. मी म्हटलं, हे शेवटी लिहू. ते म्हणाले, गिऱ्हाईक इतक्या लांबून येणार, त्याला हे घरीच कळायला हवं. बाबा, तुम्ही त्या मास्तरांना गाडी विकताना आधी चासीचा जोड दाखवला होता, तेव्हा मी तुमच्यावर चिडलो होतो. तेव्हा मला कळलं नव्हतं. मी ते वाक्य पहिलंच ठेवलं.

आता आजोबांच्याने क्लच दाबवत नाही, म्हणून विकताहेत. रविवारी कॅन्सस सिटीहून एक जण येतोय. त्या वेळी सोबत थांब म्हणाले आहेत. कोपऱ्याच्या आतली जोडाची रेघ बॅटरीनं मीच दाखवणार आहे.

तुमचं लोहचुंबक अजून गॅरेजच्या खणात आहे ना? कुणाला देऊ नका. दिवाळीला येईन तेव्हा मला हवं आहे.

आईला नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुमचा,
संजू