पाळीचे दुखणे आणि कामाची जागा : सर्व सदस्यांसाठी सूचना

पाळीत प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यामुळे गर्भाशय जोराने आकुंचन पावते. कळा, मळमळ, जुलाब त्यातूनच येतात. जोर बहुधा पहिले 2 ते 3 दिवस असतो. म्हणजे हे नाटक नव्हे, आणि "बाकीच्या बायका करतातच की काम" हे उत्तरही नव्हे. दुखणे प्रत्येकीचे वेगळे.

विभागप्रमुखांनी एवढे पाहावे: रजेच्या अर्जावर "तब्येत बरी नाही" पुरेसे आहे; नेमके कारण खोदून विचारू नये. उभ्याने करायच्या कामात बसायला खुर्ची द्यावी. पॅड 4 ते 6 तासांनी बदलावे लागते, रक्तस्राव जास्त असल्यास त्याआधीच. स्वच्छतागृहात जायला परवानगी मागायला लावू नये. तिथे झाकणाची कचरापेटी हवी. ती नसली की पॅड कमोडमध्ये जातात आणि सांडपाण्याचा पाइप तुंबतो, मग बोल बायकांनाच!

आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी कळा सुरू होतानाच, खाल्ल्यावर घेतली तर जास्त उपयोगी पडते. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. म्हणून सहकाऱ्यांनी आपल्या पर्समधली गोळी परस्पर देऊ नये.

दर तासाला पॅड भिजत असेल किंवा दुखणे महिन्यागणिक वाढत असेल, तर तपासणी लांबवू नका. अशा दुखण्यामागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो, आणि तो साधारण दहांत एकीला असतो.