पेस जाळीपाशी का उभा राहायचा

पणजी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत की एकेरीत ७३ व्या क्रमांकापलीकडे न गेलेला टेनिसपटू लिअँडर पेस दुहेरीची अठरा ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धांची) विजेतेपदं कशी मिळवू शकला. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या संध्याकाळच्या खेळालाही त्यातलं बरंच लागू पडेल.

जन्म कोलकात्याचा असला तरी आपण त्याला गोव्याचा म्हणतो, ते वडिलांमुळे. डॉ. वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलेल्या हॉकी संघात होते. आई जेनिफर भारतीय बास्केटबॉल संघाची कर्णधार. मुलगा मद्रासच्या अमृतराज अकादमीत तयार झाला आणि १९९० मध्ये विम्बल्डनचा ज्युनिअर विजेता ठरला.

आई, तू कराडकडची, म्हणून तुला हे खास सांगते. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला कुस्तीत कांस्य जिंकलं. त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला १९९६ चं अटलांटा उजाडावं लागलं, आणि ते पदक पेसचं. उपांत्य सामन्यात आगासीकडून हरताना त्याचं मनगट दुखावलं होतं. तरी कांस्यपदकाच्या सामन्यात ब्राझीलच्या मेलिजेनीविरुद्ध पहिला सेट ३-६ असा गमावून पुढचे दोन त्याने ६-२, ६-४ असे घेतले. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीत याहून मोठा सामना नाही. दोन वर्षांनी त्याने सॅम्प्राससारख्या दिग्गजालाही सरळ सेटमध्ये हरवलं.

मग एकेरी का जमली नाही? त्याचा बॅकहँड मुख्यतः चिप आणि स्लाइसचा, म्हणजे चेंडू खालून कापत हलकेच परतवण्याचा, आणि बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, घणाघाती फटके मारत राहणं हा त्याचा पिंडच नव्हता. दुहेरीत हे उणेपण फारसं नडत नाही. कोर्ट ८.२३ मीटरचं १०.९७ मीटर रुंद होतं खरं, पण ते राखायला दोघं असतात, आणि बहुतेक गुण पहिल्या तीन-चार फटक्यांतच संपतात. तिथे पळण्यापेक्षा नजर आणि हात महत्त्वाचे. म्हणूनच २०१३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने चेक खेळाडू स्टेपानेकबरोबर पुरुष दुहेरीत अमेरिकन ओपन जिंकली, आणि त्यानंतर मार्टिना हिंगिसबरोबर मिश्र दुहेरीत आणखी चार विजेतेपदं मिळवली. महेश भूपतीबरोबरची १९९९ ची जोडी लोकांना जास्त आठवते. त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत ते होते, फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकले. पुढे दोघांचं बिनसलं याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमच्या खेळाविषयी. बाबा, तुमची व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधी मारलेला फटका, बहुधा रॅकेट मागे नेल्यामुळे चुकते. ग्रिप कॉन्टिनेंटल ठेवा, म्हणजे हातोडी धरावी तशी. जाळीपाशी ग्रिप बदलायला वेळच मिळत नाही. रॅकेट खांद्याच्या मागे जाऊ देऊ नका. कोपर अंगापुढे, मनगट घट्ट, आणि चेंडूला छोटा ठोसा. उभं राहा जाळीपासून दोन-अडीच मीटरवर. फार चिकटून उभं राहिलात तर डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच उचललेला चेंडू, जाणारच. समोरचा फटका मारायला लागला की दोन्ही पायांवर हलकीशी उडी घ्या. ती उशिरा पडली तर एका पायावर अडकता आणि गुडघ्याला हिसका बसतो. तुमचं गुडघ्याचं दुखणं बऱ्याच अंशी तिथलंच असावं.

चेंडू जाळीच्या उंचीखाली आला तर कोन काढायच्या फंदात पडू नका. मधोमध, लांब ढकला. जाळी मध्यभागी ९१ सेंटिमीटर, तर खांबापाशी १०७, त्यामुळे मधला फटका सुरक्षित, शिवाय ‘तू की मी’ या घोळात समोरच्यांचा चेंडू सुटतो. वर आला तर जाळीवरच्या माणसाच्या पायात घाला. सर्व्हिस परतवताना पेससारखी चिप करा, तिरकी आणि बुटकी, पुढे येणाऱ्याच्या बुटांपाशी पडेल अशी. ती उंच गेली की जाळीवरचा टपून बसलेलाच असतो.

पेस मधूनच आडवा धावून चेंडू झडपायचा, ते करायचं असेल तर जाळीला समांतर पळू नका, तिरके पुढे या. समोरच्याची रॅकेट पुढे यायला लागल्याशिवाय निघू नका. आधी हललात तर तो तुमच्या मोकळ्या बाजूने सरळ मारतो. जोडीदाराला पाठीमागे बोटांनी खूण करून ठेवा, म्हणजे तुमची बाजू तो धरेल.

संध्याकाळी दव पडलं की चेंडूची लव ओल धरते, तो जड होतो आणि कोपराला त्रास होतो. तारा रॅकेटवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ओढून घ्या. ओल्या हार्ड कोर्टवर मात्र खेळूच नका, पाय घसरतो. डबा उघडून दोन-तीन आठवडे झालेले चेंडू सरावापुरते ठेवा, सामन्याला नवे काढा.

आई, यांना खेळायच्या आधी दहा मिनिटं चालायला लाव. पुढच्या रविवारी येते, तेव्हा फोंड्याच्या घरी व्हॉली कशी मारायची ते प्रत्यक्ष दाखवीन.

तुमची,
लेक