तोफेचं तोंड मोजून इतिहास कळत नाही

मा. संपादक,
स.न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या सगळ्यात मोठ्या तोफांवर पानभर लेख आला होता, फोटो झकास होते, पण वाचून झाल्यावर राहवेना म्हणून लिहायला बसलो. नळी किती लांब, गोळा किती वजनाचा आणि गेला किती लांब, एवढंच सगळीकडे. असंच वाचत राहिलं की माणसाला वाटणारच की तोफेची प्रगती म्हणजे तोफ मोठी मोठी होत गेली, आणि ते साफ चुकीचं आहे हो. मोठ्या तोफा तर अगदी सुरुवातीलाच होत्या. १४६४ साली तुर्कांनी ओतलेली एक ब्राँझची तोफ आज इंग्लंडमध्ये जपून ठेवलीये, नळीचे दोन भाग स्क्रूसारख्या आट्यांनी एकमेकांत बसवलेले, आणि तोंड दोन फुटांहून जास्त! तिच्यानंतर पावणेपाचशे वर्षांनी जपानने यामातो ही युद्धनौका समुद्रात आणली तिच्या तोफांचं तोंड होतं ४६ सेंटीमीटर, म्हणजे त्या तुर्की तोफेपेक्षा कमीच. मग मधल्या काळात बदललं काय?

बदललं ते तोफेचं बूड, म्हणजे नळीचं मागचं टोक, आणि बार उडाल्यावर बसणारा मागचा धक्का.

आधी बुडाचं सांगतो. कित्येक शतकं बहुतेक तोफा ठासणीच्याच होत्या, म्हणजे तोंडातून दारू घाला, गोळा घाला, गजाने ठासा, मागच्या कानाला बत्ती द्या. मागून भरायची तोफ इंग्लंडमध्ये आर्मस्ट्राँग नावाच्या इंजिनिअरने १८५० च्या दशकात करून दाखवली होती, पण तिचं बूड नीट बंद राहीना, खर्चही फार, म्हणून ब्रिटिश आरमार पुन्हा ठासणीच्या तोफांकडे गेलं. त्याची किंमत कशी मोजावी लागली ते बघा. २ जानेवारी १८७९, एचएमएस थंडरर हे जहाज, एका टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या बुरुजात, ३८ टनांच्या दोन तोफा, दोन्ही एकदम उडवल्या. त्यातली एक उडालीच नाही, पण दुसरीच्या आवाजात आणि धुरात ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. भरायचं काम टरेटच्या बाहेरून, डेकच्या खालून, पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने व्हायचं, त्यामुळे आतल्या माणसांना तोफेचं तोंड दिसायचंच नाही. आधीच भरलेल्या तोफेत पुन्हा दारू आणि गोळा गेला, पुढच्या बाराला नळी फुटली आणि ११ माणसं गेली. मागून भरायची तोफ असती तर बूड उघडल्याबरोबर आत गोळा अडकलेला दिसला असता, इतकी साधी गोष्ट आहे ही. त्यानंतरच ब्रिटिशांनी ठासणी कायमची सोडायचं ठरवलं, तोवर फ्रान्समध्ये द बांज नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बुडातून गॅस निसटू नये म्हणून दाबलं की फुगून घट्ट बसणारी गादी करून ठेवलेलीच होती.

आता धक्क्याचं. बार उडाला की अख्खा गाडा चाकांवरून मागे जायचा, जहाजावर तर तो जाड दोराने बाजूच्या भिंतीला बांधून ठेवावा लागायचा, मग गोलंदाजांनी ढकलत पुन्हा जागेवर आणायचा आणि नेम पहिल्यापासून धरायचा, प्रत्येक गोळ्याला हेच. १८९७ ची फ्रेंच ७५ मिलिमीटरची तोफ आली आणि हे संपलं. तिच्यात फक्त नळी मागे सरकते, एक दट्ट्या तेलाला बारीक वाटेने ढकलतो, त्यात धक्का जिरतो, तिकडे हवा दाबली जाते आणि तीच हवा नळीला परत पुढे आणून ठेवते. गाडा आहे तिथेच, नेम धरणारा आपल्या सीटवर बसलेलाच, आणि मिनिटाला १५ गोळे! सगळ्या जगाच्या मैदानी तोफा एका रात्रीत जुन्या झाल्या आणि ही तोफ आकाराने लहानच होती बरं का, पण तुमच्या लेखात तिचं नावसुद्धा नाही, याचं फार वाईट वाटलं.

समुद्रावर अजून एक अडचण, जहाज सतत डोलतं. आधी जहाज डोलताना नेमकी वेळ साधून बार काढायचे. पर्सी स्कॉट नावाच्या कप्तानाने आपल्या स्किला जहाजावर नेम धरणाऱ्यांना दुर्बीण लावून दिली आणि जहाज कितीही डोललं तरी निशाणावरून नजर हलवायची नाही, तोफच सतत वरखाली करत राहायची अशी तालीम करून घेतली. १८९९ च्या सरावात १०० पैकी ८० बार लागले, तोफा होत्या त्याच. मात्र भराभर मारा करायच्या नादात काय होतं तेही लिहायला हवं, पहिल्या महायुद्धात १९१६ च्या जटलंडच्या समुद्री लढाईत तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौका) उडाले ते बहुतेक टरेटमध्ये पेटलेली आग खालच्या दारूच्या कोठारापर्यंत पोचली म्हणूनच, कारण पटापट भरता यावं म्हणून मधली दारं उघडी आणि दारूच्या पिशव्या बाहेर काढून ठेवलेल्या, तीन जहाजांवर मिळून ३ हजारांच्या वर माणसं एका दिवसात गेली.

लेखात १९१८ ला पॅरिसवर गोळे टाकणाऱ्या जर्मन तोफेचं कौतुक होतं, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास मारा वगैरे. पण तिच्या गोळ्यांवर नंबर घातलेले असायचे हे राहिलं की. प्रत्येक बाराला नळी आतून एवढी झिजायची की पुढचा गोळा जरा जाड लागायचा, आणि ते क्रमानेच भरावे लागायचे.

माझी विनंती एवढीच आहे की या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा फोटो एखादा कमी छापा पण बुडाचं आणि त्या तेल-हवेच्या नळकांड्याचं एक कापून दाखवलेलं चित्र द्या, शाळेतल्या पोरांनाही कळेल असं, आणि शेजारी थंडररवरच्या त्या ११ जणांबद्दल चार ओळी.

आपला,
एक जुना वाचक