आधी बांधावर मोजा, मग बोर्ड बनवा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

डिप्लोमाची पोरं हल्ली रानडुकरांसाठी लेझरचं कुंपण करतायत, बांधाच्या एका टोकाला लेझर आणि सेन्सर, दुसऱ्या टोकाला रिफ्लेक्टर, मधे जनावर आलं की भोंगा. कल्पना खरंच चांगली आहे, कोकणात भात पोटरीला आलं की रात्र रात्र खोपीत जागणाऱ्याला विचारा. पण दरवेळी चूक तीच, आधी सर्किट, मग पीसीबीची, म्हणजे छापील सर्किट बोर्डाची ऑर्डर, आणि शेतात गेल्यावर कळतं सेन्सरला काही दिसतच नाहीये.

मीही हेच केलंय. संगमेश्वर तालुक्यात मामांच्या शेतासाठी दहा बोर्ड बनवून घेतले, घरात पडवीत झकास चालले, शेतात ऊन वर आलं आणि सगळे बंद. मग बोर्ड बाजूला ठेवले आणि ५ मिलीवॅटचा लाल लेझर, सायकलचा रिफ्लेक्टर, फोटोडायोड (उजेड मोजणारा छोटा सेन्सर) आणि मल्टीमीटर एवढंच घेऊन बांधावर बसलो. ३० मीटरवर रिफ्लेक्टर, हाताने किरण अडवायचा, सोडायचा, आकडा वहीत लिहायचा. पहाटे, भर दुपारी, दव पडल्यावर. रात्री फरक लगेच दिसायचा, दुपारी तोच फरक उन्हात बुडून जायचा, फोटोडायोडला काळी नळी लावली तेव्हा कुठे जरा हाताला लागला. दवाने रिफ्लेक्टर ओला झाला की परत येणारा उजेड एकदम कमी व्हायचा, हे तर माझ्या डोक्यातही नव्हतं.

रिफ्लेक्टरऐवजी आरसा लावून पण बघितला. आरसा १ अंश कलला की किरण २ अंश सरकतो, म्हणजे ३० मीटरवर मीटरभर बाजूला, वाऱ्यात हलणाऱ्या बांबूवर तो काय टिकणार. सायकलच्या रिफ्लेक्टरमधे काटकोनी कोपरे असतात, त्यामुळे तो थोडा कलला तरी उजेड आला तिकडेच परत जातो. अपोलो ११ ने १९६९ मधे चंद्रावर ठेवलेला रिफ्लेक्टर याच तत्त्वावर चालतो, पृथ्वीवरून मारलेला लेझर साधारण अडीच सेकंदात परत येतो.

उन्हावर उपाय आहे, लेझर ठरावीक वेगाने चालू-बंद करायचा आणि तेवढाच सिग्नल पकडायचा. पण त्यासाठी पोरं टीव्ही रिमोटचा ३८ किलोहर्ट्झवाला (सेकंदाला ३८ हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल पकडणारा) रिसीव्हर आणतात, त्याचं काळं प्लास्टिक डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडसाठी असतं, लाल उजेड ते जवळजवळ आत सोडतच नाही. टेबलावर लेझर समोर धरला तरी हे कळतं, त्यासाठी बोर्ड छापायची गरज नाही.

कॉलेजच्या सरांना, मॅडमना कळकळीची विनंती, प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूला सर्किट डायग्राम मागू नका, शेतातल्या तीन वेळच्या आकड्यांची वही मागा. बोर्डाचे पैसे पोरांच्या आईबापांच्या खिशातून जातात. आणि लेझर गुडघ्याच्या खालीच लावायला सांगा, बांधावरून लहान मुलंही जातात, डोळ्याला धोका आहे.

आपला वाचक,
रत्नागिरी जिल्हा