लुतेवर औषध देण्याआधी खरवड तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

केस झडलेला, खपल्या धरलेला कुत्रा दिसला की डिचोलीत आपण ‘लूत लागली’ म्हणून मोकळे होतो. पण ती कोणत्या माइटमुळे, म्हणजे कातडीत राहणाऱ्या कोणत्या सूक्ष्म जीवामुळे लागली, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही.

आमच्या वाड्यावरच्या पिल्लाच्या डोळ्यांभोवतीचे केस गेले, तेव्हा एका दवाखान्यात कातडी न तपासताच त्याला खाजेसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने दिली गेली आणि महिन्याभरात त्याचे तोंड व पुढचे पाय उघडे पडले. दुसऱ्या डॉक्टरांनी कातडी चिमटीत दाबून, तेल लावलेल्या बोथट पात्याने रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडली, ती खरवड पॅराफिन तेलात काचपट्टीवर पसरली आणि प्रकाश कमी करून मला पाहायला बोलावले. गाजरासारखे निमुळते, पुढच्या बाजूचे आखूड आठ पाय हलवणारे डेमोडेक्स नावाचे माइट तेथे डझनांनी होते. हा जीव निरोगी कुत्र्याच्याही केसांच्या मुळाशी थोडाफार असतोच. प्रतिकारशक्ती खालावली की तो फोफावतो, आणि स्टेरॉइडने नेमकी तीच आणखी खालावते.

लुतेचा दुसरा माइट, सारकोप्टिस, निराळा. तो गोलसर असतो, कातडीच्या वरच्या थरात बोगदे करतो, भयंकर खाज आणतो, इतर कुत्र्यांना लागतो आणि सांभाळणाऱ्या माणसालाही काही दिवस खाजवतो. त्यासाठी कानाच्या कडा व पुढच्या पायांची कोपरे यांवर उथळ पण पसरट खरवडावे लागते. तरीही तो पुष्कळदा हाती लागत नाही. एखादे अंडे दिसले तरी निदान पक्के होते, मात्र काहीच दिसले नाही म्हणून तो नाहीच, असे म्हणता येत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी लक्षणांवरून उपचार सुरू केले तर ते योग्यच आहे.

वाहनाचे जळके ऑइल चोपडणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, ते थांबवा. कुत्रा ते चाटतो आणि विष त्याच्या पोटात जाते.

या तपासणीला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, कारण शंभरपट मोठे करून दोन्ही माइट स्पष्ट दिसतात. म्हणून पशुसंवर्धन खात्याने ज्या दवाखान्यांत सूक्ष्मदर्शक आहे, तेथे खरवड तपासणीचा वार व वेळ दारावर लिहून लावावी.

आपला,
एक वाचक, डिचोली