राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि चौथीचा वर्ग

महोदय,

पावसाळ्यात आपल्या अंकात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी येते, ती मी रोज कात्रीने कापून ठेवते. करवीर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी चौथीचा वर्ग घेते. ‘कशामुळे काय झालं’ हे पोरांना शिकवायला याहून चांगलं साधन मला दुकानात मिळालेलं नाही.

दुकानात मिळतात ते गुळगुळीत तक्ते. ढग, मग पाऊस, मग पूर. मधले बाण छापूनच आलेले. मुलं ते एका सुरात म्हणतात आणि विषय संपतो. बाण कुठून कुठे काढायचा हे ठरवतानाच तर डोकं चालतं. तेच आयतं आलं तर पोरांनी करायचं काय? स्मार्ट टीव्हीवरच्या रंगीत चित्रफितींचीही तीच गत.

आमच्या भिंतीवर कागदाची लांब पट्टी आहे. वरच्या ओळीत गगनबावडा आणि राधानगरीचा पाऊस, खाली बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटांवर पिवळी रेघ म्हणजे इशारा, ४३ वर लाल म्हणजे धोका. एकदा शहरात लख्ख ऊन आणि पट्टीवरची पातळी मात्र चढतीच. “बाई, हितं तर पाऊसच न्हाई, मग पाणी कुठनं आलं?” मी उत्तर दिलं नाही, जिल्ह्याचा नकाशा पुढे टाकला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती बोटानं गिरवत पोरं प्रयाग चिखलीच्या संगमावर, जिथं या नद्यांची पंचगंगा होते, तिथं येऊन थांबली. “वर लागून राहिलाय बाई!” पाऊस तिकडे, पाणी इकडे, तेही उशिरानं. कारण नजरेआड असू शकतं आणि परिणाम लगेच दिसेल असं नाही, हे छापील तक्ता कधी सांगत नाही.

राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांवरून तर दोन गट भांडले. एकाचा बाण : दरवाजे उघडले म्हणून नदी वाढली. दुसऱ्याचा : धरण भरलं म्हणून दरवाजे उघडले. शेवटी दोन्ही बाण एकापुढे एक चिकटवले, तेव्हा भांडण मिटलं.

या वयाची मुलं आधी घडलं तेच कारण धरून चालतात. गोठ्यातली जनावरं हलवली म्हणून पूर आला, असंही कुणी सांगतं. अशा वेळी मी आधीचं चित्र हातानं झाकते आणि विचारते, हे झालंच नसतं तर पुढचं झालं असतं का? ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ याचंही चित्र काढून घेतलं. एका मुलीनं कावळा काढला, फांदी काढली आणि फांदीच्या आत वाळवी काढली. तो कागद मी घरी नेऊन ठेवलाय.

एका परिणामाला एकच कारण, ही सवयही पट्टीनं मोडते. २०१९ च्या महापुरात पातळी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा ही पोरं अगदीच लहान होती. पण घरी ऐकून येतात : कुणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव घेतं, कुणी नदीकाठच्या बांधकामांचं, कुणी म्हणतं पाऊसच तसला होता. मग पुराच्या एकाच फोटोकडे चहूबाजूंनी बाण. कुठला जाड काढायचा यावर जोरदार वाद होतो. (मोठ्यांचाही तो अजून मिटलेला नाही, तेव्हा मी मध्ये पडत नाही.)

आपल्याकडे मागणं एवढंच. पाऊस एका बातमीत, पातळी दुसऱ्या, धरणाचे दरवाजे तिसऱ्याच पानावर, असं शोधत बसावं लागतं. गगनबावडा आणि राधानगरीचा पाऊस, उघडलेले दरवाजे आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी हे सारं आदल्या तीन-चार दिवसांच्या आकड्यांसह एकाच चौकटीत द्यावं. शिवाय आठवड्यातून एक छायाचित्र ओळीविना छापावं. कारण पोरांनीच शोधावं म्हणून फोटोखालची ओळ मी कापतेच, पण पोरं ती कचऱ्याच्या डब्यातून हुडकून काढतात. चौकटीतले आकडे जरा ठळक असावेत, मागच्या बाकावरून दिसायला हवेत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, करवीर (जि. कोल्हापूर)